दुसरं प्रूफ

निकाल लागला तेव्हा मी एका जाडजूड चरित्राचं प्रूफ वाचत बसलो होतो. लेक आली आणि तिनं मोबाइल थेट माझ्या कागदांवर ठेवला. बोलली काहीच नाही. पडद्यावर गुणपत्रिका होती. विषयांची नावं, आकडे, आणि सगळ्यात खाली एकच शब्द: उत्तीर्ण. भूशास्त्राची पदवी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तिला चार लागली.

मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तिचं नाव बरोबर छापलंय का ते पाहिलं. तीस वर्षं मुद्रितशोधन केलेल्या माणसाचा डोळा आनंदाआधी चूक शोधतो, त्याला इलाज नाही. नाव बरोबर होतं. मग मात्र मला पुढचं काही नीट दिसेना.

"रडतोयस काय बाबा," ती म्हणाली. "खनिजशास्त्राचे मार्क बघ आधी. काठावर सुटलेय."

माझ्या लेकीला डिस्लेक्सिया आहे. होता, असं म्हणायची चूक लोक करतात, विशेषतः पेढा तोंडात असताना. तो कुठे जात नाही. आजही अनोळखी मजकुराचं एक पान वाचायला तिला माझ्या तिप्पट वेळ लागतो आणि दमायला होतं ते वेगळंच. आणि बाप कोण, तर ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरणारा. देवाला विनोदबुद्धी आहे की नाही यावर मी एके काळी फार विचार केलाय.

ती दुसरीत होती तेव्हाच्या काही वह्या मी ठेवल्यात. 'ख' लिहायला गेली की 'र' आणि 'व' सुटे पडायचे. जोडाक्षरात कुठलं अक्षर अर्धं करायचं, याचा निर्णय रोज नव्यानं व्हायचा. 'र' तर तिचा वैरीच. तो कधी अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पोटात तिरकी रेघ होतो, कधी खाली काकपदासारखा लोंबतो, तर 'सुऱ्या'मध्ये आणखी चौथंच रूप घेतो. "हा एकच आहे, तर एकसारखा का नाही राहत?" असं तिनं एकदा विचारलं होतं. मी नियम सांगितला. प्रश्न किती चांगला आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

वहीवर शाळेतून लाल शेरा यायचा: लक्ष देत नाही. मला शाळेचा राग येत नसे, कारण माझंही तेच मत होतं. उलट मी घरी दुसरी फेरी करायचो. अगदी प्रुफासारखी. समासात खुणा, काकपदं, खोडाखोड. एका पानावर मी 41 चुका काढल्याचं मला आठवतं, आणि आकडा आठवतो तो मोजताना वाटलेल्या समाधानामुळे. त्या पानावर तिनं मुंग्यांच्या वारुळाबद्दल लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही.

पुढे ती वह्या लपवायला लागली.

नऊ वर्षांची असताना रीतसर मूल्यमापन झालं. तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मुलीची बुद्धी उत्तम आहे, ऐकून तिला सगळं कळतं, अडचण आहे ती आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात. घरी येताना बायको गप्प होती. मी एकदाच म्हणालो, "म्हणजे ती मुद्दाम करत नव्हती." बायको म्हणाली, "ते मी दोन वर्षं सांगतेय." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग मी वाचायला लागलो. दुसरं काही येतंय कुठे मला? 'डिस्लेक्सिया' हा शब्द 1887 साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यानं घडवला, पण तो मेंदूला इजा झाल्यावर वाचन हरवलेल्या मोठ्या माणसांबद्दल. लहान मुलाची गोष्ट आली ती 1896 मध्ये. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, खेळात चपळ, गणित बरं. सात वर्षांचा असल्यापासून शिकवण्या चालू, तरी एका उच्चाराचे छोटे शब्दसुद्धा अडखळत वाचायचा. नाव पर्सी. स्वतःचं नाव लिहिताना त्यानं मधली दोन अक्षरं उलटसुलट करून 'प्रेसी' लिहिलं, आणि पुन्हा पुन्हा दाखवून दिल्यावर मग त्याच्या ते लक्षात आलं. त्याला बरीच वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं म्हणणं डॉक्टरांनी नोंदवलंय: शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हाच शाळेतला सगळ्यांत हुशार मुलगा ठरला असता.

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! एका वाक्यात मुलाचं कौतुकही आणि शाळेचा पराभवही. पण शाळा तोंडी होणार नव्हती. लेख तिथेच, चौदाव्या वर्षी, थांबतो. पर्सीच्या बापाचा त्यात ओझरता उल्लेख आहे, मुलाला अक्षरओळख करून देताना किती त्रास पडला, एवढं सांगण्यापुरता. त्या बापाच्या हातातही लाल पेन असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

अक्षरं उलटी दिसतात म्हणजे डिस्लेक्सिया, असं अजूनही सर्रास बोललं जातं. अक्षरं उलटी तर लहानपणी बहुतेक सगळीच मुलं काढतात. मूळ गाठ बहुतेकदा आवाजाशी असते. आपण 'दिवस' म्हणतो तेव्हा त्यात सुटे आवाज आहेत, ते वेगळे काढता येतात आणि प्रत्येकाला खूण आहे, हे बाकीच्यांच्या मेंदूला फारसे कष्ट न पडता जमतं. त्यातून आपली देवनागरी. कान म्हणतो आधी 'द', मग 'इ'. डोळ्याला दिसते आधी वेलांटी, मग 'द'. जन्मभर ही लिपी वाचूनही मला यात काही विचित्र आहे हे कधी दिसलं नव्हतं. मुलीमुळे दिसलं. 2001 साली 'सायन्स' या नियतकालिकात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक विद्यार्थ्यांची तुलना आली होती. स्पेलिंग सरळ असलेल्या इटालियनमध्ये ती मुलं इतरांपेक्षा बरं वाचत होती, पण वाचताना मेंदूत दिसणारा फरक तिघांतही सारखाच होता. म्हणजे भाषा बदलली की त्रास कमीजास्त होतो, मूळ गोष्ट तीच राहते. विशेष शिक्षिकेनं मात्र मला याहून उपयोगी गोष्ट सांगितली. "तुम्ही सहा महिने तिची वही बघू नका."

मी बघितली नाही. कठीण गेलं.

दहावीला लेखनिक मिळणार हे ठरल्यावर सरावाचं काम माझ्याकडे आलं. ती सांगणार, मी लिहिणार. सोपं वाटतं. लेखनिकाचं काम म्हणजे उमेदवार बोलेल ते आणि तेवढंच उतरवायचं. मी पहिल्याच दिवशी नापास झालो. तिनं सांगितलं, "नदी वळणाच्या आतल्या बाजूला दमते, म्हणून तिथं गाळ टाकते." मी लिहिलं, "वळणाच्या आतील बाजूस प्रवाहाचा वेग कमी झाल्याने गाळाचे निक्षेपण होते." वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मी हे नाही म्हटलं."

"अर्थ तोच आहे."

"मग माझंच लिही ना."

मी वाद घातला. परीक्षेची भाषा, मार्क, तपासणारा काय म्हणेल, सगळं काढलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तू माझ्या जागी परीक्षा देतोयस." मग मी 'नदी दमते' लिहिलं. हात थोडा अडला. आज वाटतं, त्या वाक्यात ती भूशास्त्राकडे निघालेलीच होती, मला फक्त शब्द खटकत होता.

'सवलत' या शब्दाबद्दल मला थोडं भांडायचंय. वाढीव वेळ, लेखनिक, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, या सगळ्याला आपण सरसकट सवलत म्हणतो. सवलत म्हणजे काय? मालाची खरी किंमत अमुक, तुला तमुक कमी. शब्दातच आलं की हिनं पूर्ण किंमत मोजलेली नाही. जवळच्या नातेवाइकांपैकी एकांनी निकालानंतर विचारलंच, "तिला वेळ जास्त मिळत असेल ना?" विचारण्यात दुष्टावा नव्हता, हिशेब होता. मला 'सोय' हा शब्द बरा वाटतो. सोय केली की वाट तेवढीच राहते, मधली धोंड बाजूला होते. 2006 साली संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, चोविसाव्या कलमात, उच्च शिक्षणात अशी वाजवी सोय करून द्यावी असं स्वच्छ लिहिलंय. तिथं ती मेहेरबानी म्हणून येत नाही.

आमच्या धंद्यातलंच सांगतो. लेखकाचं पुस्तक छापण्याआधी पहिलं प्रूफ निघतं, दुरुस्त्या होतात, मग दुसरं निघतं, कधी तिसरंही. पुस्तक वाचताना कुणी म्हणत नाही की लेखक चांगला आहे, पण त्याला तीन प्रुफं मिळाली होती. नामवंत लेखकांची हस्तलिखितं मी पाहिली आहेत. त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल मी तोंड उघडलं तर साहित्यविश्वात खळबळ माजेल. त्यांच्या चुकांना आम्ही लकब म्हणतो आणि गुपचूप दुरुस्त करतो.

कॉलेजात माझं काम संपलं. संपवलं गेलं, म्हणायला हवं. पहिल्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर परीक्षा विभागात निघालो होतो, फाइल काखेत घेऊन, मूल्यमापनाचा अहवाल, प्रमाणपत्र, प्रती, सगळं क्रमवार लावून. ती दारातच म्हणाली, "फाइल दे. तू नको येऊस."

"त्यांनी काही विचारलं तर?"

"तर मी सांगेन. मलाच आहे ना ते."

परत आली ती चेहरा पाडून. खिडकीमागच्या माणसानं कागद न बघताच म्हटलं होतं, "दिसत तर नाही तुला काही." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी अर्ज दाखल झाल्याची पोच घेऊन आली. एवढासा कागद, वर शिक्का तिरका. तो तिनं टेबलावर ठेवला आणि झोपायला गेली. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. पण त्या दिवशी मी कुणाला फोन केला नाही. पदवीच्या दिवशी सतरा केले. या फरकाचं काय करायचं ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

कारण अभिमान म्हणून जे काही मला निकालाच्या दिवशी वाटलं, ते वाटायला शिक्क्याचा कागद का लागला? ती नापास झाली असती तर मी त्याच मुलीचा बाप असतो, आणि तिनं तेवढेच कष्ट केलेले असते. आणि ती झाली होती नापास. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, त्यातला एक हा खनिजशास्त्राचा. नावंच नावं, सगळी लांबलचक, सगळी एकमेकांसारखी दिसणारी. डोळ्यांनी ती दोन खनिजं हातात घेऊन लगेच वेगळी सांगायची, कागदावर त्यांची नावं मात्र एकमेकांत मिसळायची. तिनं ते आम्हाला दोन महिने सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं बायकोनं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा फाइल काढेल."

त्यानंतरच्या वर्षात तिनं स्वतःची पद्धत बसवली. पाठ्यपुस्तकाची पानं मोबाइलमध्ये घालायची, तो वाचून दाखवणार, ही हेडफोन लावून चकरा मारत ऐकणार. प्रत्येक खनिजाच्या नावाचे तुकडे पाडून त्याला चाल लावलेली. रात्री घरात एक यांत्रिक बाईचा सपाट आवाज आणि त्यामागे हिचं गुणगुणणं. ती यंत्रातली बाई मराठी अशी वाचायची की माझ्या अंगावर काटा यायचा. लेकीला त्याचं काही नव्हतं. "तुझ्यासारखी मध्येच थांबून सुधारत तरी नाही," ती म्हणाली.

क्षेत्रभेटीची वही तिनं मला एकदाच दाखवली, तीही मी मागितली नसताना. डावीकडे चित्रं, उजवीकडे शब्द. खडकांचे थर, त्यांचा कल, मध्ये घुसलेली एक काळी भिंतीसारखी पट्टी, मापासाठी शेजारी ठेवलेला हातोडा. रेघ कुठेही अडखळलेली नाही. वरचा थर सगळीकडे धाकटा आणि खालचा थोरला असतो असं नाही, जमीन उलथली असेल तर ओळखायचं कसं, हे तिनं मला चित्रावर बोट ठेवून समजावलं. पाण्याच्या लाटांच्या जुन्या खुणा दगडात राहतात, त्यांचे टोकदार माथे कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं. मूळची वरची बाजू तीच. पाच मिनिटं ती बोलत होती, एकदाही न चाचरता. उजव्या बाजूला 'गाळाचा' हा शब्द तीन प्रकारे लिहिला होता. ते मला दिसलं. दिसणारच. मी बोललो नाही, आणि मी बोललो नाही हे तिच्या लक्षात आलं.

लोक अभिनंदनाला आले ते आइन्स्टाइनला घेऊन. डिस्लेक्सिया म्हटलं की हे येणारच. आइन्स्टाइनलाही होता म्हणे, तोही शाळेत नापास झाला होता म्हणे. आइन्स्टाइनला डिस्लेक्सिया होता याला धड पुरावा नाही, आणि गणितात तो लहानपणापासून पुढे होता. 1895 साली, सोळाव्या वर्षी, नेहमीच्या वयाच्या दोन वर्षं आधी त्यानं झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली. गणित आणि भौतिकशास्त्रात उत्तम, बाकीच्या विषयांत कमी पडला. मग आराऊच्या शाळेत वर्षभर शिकून पुढच्या वर्षी संस्थेत दाखल झाला. एवढीच गोष्ट. पण मला खटकतं ते निराळंच. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्याकडे लपलेली प्रतिभा असलीच पाहिजे, ही मागणी कशाला? माझी मुलगी बरी विद्यार्थिनी आहे. काही विषयांत फार चांगली, काहींत काठावर. बाकीच्या लाखो मुलांना एवढं असलेलं पुरतं. हिला मात्र विश्वाचा सिद्धान्त मांडावा लागेल, तेव्हा कुठे अक्षरांची चूक माफ.

सतरा फोनांत मी स्वतः काय बोललो ते आठवून बघितलं, तर मीही फारसा वेगळा नव्हतो. "इतकं असूनही तिनं करून दाखवलं." प्रत्येकाला तेच वाक्य. सातव्या-आठव्या फोनला लेक समोर येऊन बसली. फोन संपल्यावर म्हणाली, "कुणाला दाखवलं?"

"काय?"

"करून दाखवलं म्हणतोयस ना. मी कुणाला दाखवायला नव्हतं केलं. मला दगड आवडतात."

पुढच्या फोनला मी म्हणालो, "लेक पदवीधर झाली. भूशास्त्र. हो, आवडतं तिला." तिकडून थोडी शांतता पसरली. बहुधा उरलेलं वाक्य येईल म्हणून वाट बघत होते.

प्रुफात एखादा शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ देतात. अर्थ असा की खोडलंय ते विसरा, आहे तसं राहू द्या. तीस वर्षांत ही खूण मी फार थोड्या वेळा वापरली असेल. मुंग्यांच्या वारुळाचं ते पान मी परवा काढलं. 41 खुणांतून वाट काढत मजकूर वाचला. मुंग्या घर बांधताना माती कुठून आणतात आणि आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची का असते, असं तिनं विचारलं होतं. सात वर्षांच्या मुलीनं. खाली माझा शेरा होता: शुद्धलेखनाकडे लक्ष दे.

टिंबं द्यायला पेन्सिल घेतली होती. पण तो नाटकीपणा वाटला. पान तसंच ठेवून दिलं.

हा लेख लिहून झाल्यावर तिला विचारल्याशिवाय कुठे द्यायचा नाही असं ठरवलं होतं. मी छापील प्रत पुढे केली. तिनं हसून फाइल मागितली आणि हेडफोन लावून खिडकीत जाऊन बसली. माझ्याआधीच्या पिढीत प्रुफं अशीच तपासत, एक जण हस्तलिखित मोठ्यानं वाचणार, दुसरा छापलेल्यावर नजर ठेवणार. सराईत डोळा जे असायला हवं ते वाचतो, म्हणून कानाची साक्ष घ्यायची. मी समोर बसून तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो. पर्सीच्या जागी ती थांबली, मागे जाऊन पुन्हा ऐकलं. नदीच्या जागी हसली. वारुळाच्या जागी खिडकीबाहेर बघितलं.

हेडफोन काढून म्हणाली, "आइन्स्टाइन फार लांबलाय. आणि सवलतीच्या परिच्छेदात 'की' दोनदा आलंय, लागोपाठ."

मी तो परिच्छेद तीनदा तपासला होता. पुन्हा बघितला. आलं होतं.